प्रेमदासभाऊची हलकी लिव्हर

तळेगावच्या प्रेमदासला लोक ‘लेव्हलभाऊ’ म्हणत, आणि त्यात चेष्टा अजिबात नव्हती. एकतीस वर्षं डोझर चालवला त्या माणसानं. रस्ता असो, शेततळं असो, तलावाचा बांध असो, मातीचा थर पसरवून प्रेमदास खाली उतरला की पातळी मोजायची दुर्बीण लावायच्या आधीच इंजिनिअर साहेबांची मान हलायची. कोणी विचारलं, भाऊ, जमते कसं तुम्हाले, तर उत्तर ठरलेलं. “मले काई समजत नाई गा. हाताले समजते.”

आणि ते खरंच होतं. जुन्या डोझरची लिव्हर लोखंडी. तिच्या बुडातून सळया निघायच्या, त्या थेट तेलाच्या झडपेला जाऊन भिडायच्या. ब्लेड मुरमात घुसलं, खाली दगड लागला, की लिव्हर ताठ व्हायची, थरथरायची, आणि सगळी खबर तळहातात यायची. वैशाखात ती अशी तापायची की वर भाकर भाजून घ्या. म्हणून प्रेमदास सकाळीच दुपट्टा ओला करून पिळायचा आणि लिव्हरला गुंडाळून घट्ट गाठ मारायचा. इकडचे सगळे जुने ऑपरेटर हेच करत आले. हाताला चटका नको, एवढाच हिशेब.

यंदा मार्चमध्ये ठेकेदारानं जुना डोझर भंगारात काढला आणि नवा आणला. काचेची केबिन, आत थंड हवा, आणि उजव्या हाताशी जेमतेम वीतभर लिव्हर. पहिल्या दिवशी प्रेमदासनं ती जुन्या जोरात ओढली, तर ब्लेड असं उसळलं की बांधावरची माणसं पळत सुटली. मग तो भीतभीत हलवू लागला. पण माती कितीही जड असो, लिव्हर हलकी ती हलकीच. हातात काही म्हणजे काही येईना.

“मुकी हाय ते लिव्हर,” घरी येऊन तो तानाबाईला म्हणाला.

“घ्या!” तानाबाई पोळी लाटता लाटता हसली. “जलमभर मले म्हणत राह्यले, गप बस, गप बस. भेटली ना आता गप बसणारी?”

एरवी तो हसला असता. त्या दिवशी हसला नाही, कारण प्रकरण नुसतं मुकेपणावर थांबलेलं नव्हतं. गावाबाहेर पाझर तलावाच्या बांधाचं काम चालू होतं. प्रेमदास ब्लेड सरळ धरून निघायचा, आणि वीस पावलांत डावा कोपरा हळूच खाली उतरायचा. उचलला, की पुन्हा उतरायचा. थर तिरपा व्हायचा. लेव्हलभाऊचा थर, आणि तिरपा! मजूर तोंडावर काही बोलत नव्हते, पण माणसाला कळतं हो.

सोमवारी साइटचा सुपरवायझर भैय्याजी आला. माणूस वाईट नव्हता, पण कामाच्या बाबतीत सख्खा भाऊ ओळखणारा नव्हता. “प्रेमदासभाऊ, शनिवारी साहेब थर मोजायले येते. तिरपा थर रोलरखाली सारखा दबत नाई, अन् पाणी तिथूनच वाट काढते. शनिवारपर्यंत जमलं तं ठीक. नाई तं नागपूरहून मुकेश ऑपरेटरले बोलावतो. तुम्ही मंग गेटवर बसजा.”

गेटवर! काठी घेऊन, खुर्ची टाकून, येणाऱ्या टिप्परला हात दाखवत! जग जिकडं जायचं तिकडं जावो, पण आपला हात खोटा ठरला, हे प्रेमदासला सहन होईना. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

“मशीनमध्येच खोट हाय,” तो भैय्याजीला म्हणत राहिला. शेवटी गुरुवारी वर्ध्याहून मेकॅनिक बोलावला. स्कूटीवरून पाठीला पिशवी लावलेली एक पोरगी उतरली.

“मेकॅनिक कुठं हाय?” प्रेमदासनं विचारलं.

“मीच हो काका. मोनाली. वर्ध्याच्या सावंगीहून आली. जय भीम.”

“जय भीम,” प्रेमदास म्हणाला, पण मनात म्हणाला, झालं, संपलं आपलं.

मोनालीनं आधी सिलिंडर पाहिले, नळ्या चाचपल्या. तेलाचा एक थेंब गळत नव्हता. मग प्रेमदास बसला होता त्या केबिनमध्ये चढून तिनं लॅपटॉपची वायर जोडली. “काका, लिव्हरवरचा हात काढा.”

“काढला ना.”

“मंग हे पडद्यावर डावीकडं सहा टक्के काऊन दाखवून राह्यलं? शून्य पाह्यजे.” तिनं लिव्हरकडं नीट पाहिलं. तिथं गार केबिनमध्येसुद्धा जुन्या सवयीनं ओला दुपट्टा गुंडाळलेला होता. त्याच्या गाठीची एक घडी लिव्हरच्या बुडाशी रबरी टोपीत चेपून बसली होती. मोनालीनं गाठ सोडली, घडी ओढून काढली. लिव्हर टकदिशी मधोमध आली. पडद्यावर शून्य.

प्रेमदासला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एकतीस वर्षांचा ऑपरेटर, आणि खोट कुठं, तर स्वतःच्या दुपट्ट्यात!

मोनाली मात्र हसली नाही. “काका, जुन्या मशीनमध्ये तुमचा हात खुद्द झडपेवर होता. इथं तसं नाई. गावात सरपंच घरोघर हिंडते का? तो कोतवालाले सांगते. तशी ही लिव्हर नुसतं सांगते, किती वाकली, कोणत्या बाजूनं. वायरनं तो निरोप सीटखालच्या डब्यात जाते. डबा वीज सोडून छोट्या झडपा उघडते. त्यातून जरासं तेल निघते, तो आपला कोतवाल. ते जरासं तेल मोठी झडप सरकवते, अन् मोठ्या झडपेचं तेल ब्लेड हलवते.”

“म्हणजे त्या घडीनं जो निरोप दिला, तो बी ह्यानं ऐकला?”

“अक्षरशः. दुपट्टा दिवसभर म्हणत होता, डावा कोपरा खाली, डावा कोपरा खाली. मशीन बिचारी करत होती.”

प्रेमदास लिव्हरकडं पाहतच राहिला. जिला तो मुकी म्हणत होता, तिनं कापडाची घडीसुद्धा ऐकली होती. आणि आपण तिच्यावर महिनाभर ओरडत होतो! त्यानं करंगळी टेकवून लिव्हर केसभर ढकलली. ब्लेडचा कोपरा बोटभर झुकला आणि थांबला.

“अन् दगड लागला तं हाताले कसं समजन?”

“नाई समजणार, काका,” मोनाली सरळ म्हणाली. “मातीचा जोर झडपेपाशीच थांबते. तो हातापर्यंत येत नाई. खोटं कायले सांगू?”

खाली भैय्याजी उभाच होता. “काय सापडलं?” मोनाली तोंड उघडणार तोच प्रेमदास म्हणाला, “मशीन चांगली हाय. माझा दुपट्टा अटकलता. चूक माझी.” भैय्याजीनं एकदा दुपट्ट्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि म्हणाला, “शनिवार परवा हाय.”

शुक्रवारी प्रेमदासनं थंड हवा बंद केली आणि केबिनच्या काचा उघडल्या. चव्वेचाळीस डिग्री ऊन, धूळ आत. मजूर म्हणाले, भाऊ सटकले. पण त्याला इंजिन ऐकायचं होतं. माती जड आली की इंजिनचा आवाज किंचित दबतो, सीट बुडाखाली जराशी मागं रेलते. ही खबर पूर्वीही येत होती, पण हात इतका शहाणा होता की कानाकडं लक्ष द्यायची गरजच पडली नव्हती. तीन फेऱ्या बिघडल्या, चौथी बरी आली. संध्याकाळपर्यंत आवाज दबताक्षणी त्याची करंगळी हलू लागली.

शनिवारी साहेब आले. प्रेमदासनं दोनशे पावलांचा थर ओढला आणि खाली उतरून उभा राहिला. साहेबांनी आठ ठिकाणी दुर्बीण लावली, कागदावर लिहिलं आणि म्हणाले, “चालते. पुढचा थर टाका.”

साहेबांची गाडी गेल्यावर भैय्याजी जवळ आला. “प्रेमदासभाऊ, सोमवारी तो नागपूरचा मुकेश येऊन राह्यला.”

प्रेमदासचा चेहरा उतरला. “पण थर तं पास झाला ना, भैय्याजी?”

“म्हणूनच तं! दुसरा डोझर येते पुढच्या महिन्यात. मुकेशले लिव्हर हलवता येते, माती समजत नाई. तुमच्याजवळ ठेवतो त्याले. शिकवा.”

प्रेमदास बांधाच्या पलीकडं गेला आणि तानाबाईला फोन लावला. “अवं, मी मास्तर झालो.”

“कायचे मास्तर? सातवीत तीनदा बसलेला माणूस?”

त्यानं सगळं सांगितलं.

“सोमवारी पांढरा सदरा घालून जाजा,” ती म्हणाली. “मास्तर मळक्या कपड्यात बरा नाई दिसत.”