बाबांसाठी वीस फूट पाइप

बाबांना काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा त्यांचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्यानं फक्त उजेड-अंधार समजायचा. खोपटच्या एसटी डेपोतून सुटणाऱ्या गाड्यांवर त्यांनी जन्मभर कंडक्टरकी केली होती. रिटायर होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती.

डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघंच होतो. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्रॉइंगं काढायचे. सकाळी मी निघाले की बाबांना हाताला धरून संडासापर्यंत नेणं आईकडे. एकदा ती कणीक मळत असताना ते एकटेच उठले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटले. फार लागलं नाही, पण त्यानंतर ते आईला हाकच मारेनासे झाले. तिचं काम आटपेपर्यंत पलंगावर गप्प बसून राहायचे. ते मला बघवेना.

भिंतीला धरायला लोखंडी पाइप लावायचा, असं मी ठरवलं. रविवारी टेप घेऊन मापं घेतली. पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आठ फूट, दार तीन फूट, तिथून संडासापर्यंत साडेपाच. मी बाबांना मोठ्या ऐटीत सांगितलं, "साडेसोळा फूट पाइप लागेल."

"दार का धरलंस?" बाबांनी विचारलं.

"तिथंही धरायला नको का?"

"अगं, दारात आडवा पाइप लावलास तर तुझी आई आत जाणार कशी?"

आई आतून खळखळून हसली. मी रोज मिलिमीटरमध्ये ड्रॉइंगं काढणारी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत आले आणि चौकटीत उभं राहून त्यांनी दोन्ही हात पसरले. पुरते पसरायच्या आधीच बोटं दोन्ही बाजूंना टेकली.

"गाडी घाटात वळत असताना मी तिकिटं फाडायचो," ते म्हणाले. "पुढचा दांडा हातात आल्याशिवाय मागचा सोडायचा नाही, बस. एवढं अंतर मला काहीच नाही."

मी तीन फूट खोडले. साडेतेरा उरले.

"आणि गॅलरीकडे किती?" त्यांनी विचारलं.

गॅलरीचं माप मी घेतलंच नव्हतं. बाबांना फक्त संडासला जायचं असतं, असं मी धरूनच चालले होते. पूर्वी ड्यूटीवरून आले की ते चहाचा कप घेऊन तासभर गॅलरीत उभे असायचे, खालच्या लोकांशी गप्पा मारत. मी टेप उचलली. पलंगाच्या दुसऱ्या टोकापासून गॅलरीच्या दारापर्यंत साडेसहा फूट भरले. एकूण वीस. दुकानात पाइप वीस फुटांचाच मिळतो, म्हणून मी खूश झाले.

पण वेल्डर आला आणि म्हणाला, "ताई, टोकं भिंतीकडे वळवायला लागतील, नाहीतर बाहीत अडकतील. तीन तुकडे, सहा टोकं, तीन-तीन इंच. दीड फूट कमी पडतंय. दुसरा पाइप घ्या."

बाबा पलंगावर बसूनच ऐकत होते. त्यांनी आधी एक हात भिंतीवर लांब टेकवला, मग दुसऱ्या बाजूला सरकून दुसरा. "पलंगापासून कशाला? माझा हात इथं पोचतो. इथून सुरू कर."

मी पेन्सिलीनं दोन्हीकडे खुणा केल्या. मोजलं तर दोन्ही बाजूंचे मिळून पावणेदोन फूट वाचले होते. वेल्डरनं पुन्हा एकदा स्वतःच्या टेपनं तपासलं आणि नवी मापं लिहून घेतली.

पुढच्या रविवारी पाइप बसले. उंची बाबांनीच ठरवली, कमरेच्या जरा वर. लोखंड गार लागतं म्हणून आईनं पाइपांवर जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या. पहिल्या दिवशी आम्ही दोघी बाबांच्या मागे-मागे होतो. ते वैतागले, "तुम्ही बसा बघू दोघी."

आम्ही बसलो. पाइप संपला तिथं ते क्षणभर थांबले, हातानं चौकट चाचपली आणि गॅलरीत गेले. मग कठड्याला टेकून त्यांनी आत तोंड करून हाक दिली, "अगं, चहा इकडेच आण."

किती दिवसांनी त्यांनी आईला हाक मारली होती! ती उठली, पण लगेच स्वयंपाकघरात गेली नाही. पदरानं डोळे पुसत तिथंच उभी राहिली.