चाखून लिहिलेला रिपोर्ट

तेव्हा मी धारला एका सरदारांच्या पदरी कारकून होतो. महूहून मांडू बघायला निघालेले साहेब लोक टांग्याचे घोडे बदलेपर्यंत सरदारांच्या पाहुणेघरात टेकत. खाणं, पिणं, आरामखुर्च्या, सगळी बडदास्त असे. एकदा एक साहेब जाता जाता बोलून गेला की देवासला एका सरदारांकडे असंच पाहुणेघर आहे, आणि तिथली दारू याहून फार बरी. झालं, आमच्या सरदारांना घास गोड लागेना.

"देवासला जा," ते मला म्हणाले. "जेवण, दारू, बैठक, सगळं बघून या आणि रिपोर्ट लिहा. आपलं सरस आहे, असा."

"बघायच्या आधीच?"

"बघून आल्यावर. पण असा."

मी संध्या करणाऱ्या घरातला. चातुर्मासात आमच्याकडे कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. पण ठाऊक नाही त्याखाली सही करायची नाही, हेही मी त्याच घरात शिकलो होतो.

देवासचं पाहुणेघर देवीच्या टेकडीसमोर होतं. खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे, वेताच्या खुर्च्या, कुणाची लगबग नाही. प्रवासाने शिणलेला माणूस बसल्या बसल्या निम्मा निवत असे. आमच्याकडे भिंतीवर वाघांची इतकी मुंडकी की चहा पिताना कुणीतरी आपल्या बिस्किटावर टपलंय असं वाटे. बैठकीत आम्ही हरलो, हे मी तिथेच टिपून घेतलं. जेवणात मात्र जिंकलो. त्यांचे बाफले, म्हणजे तुपात बुडवून खायचे कणकेचे गोळे, कोरडे होते, डाळीत जीव नव्हता. मांसमच्छीला मी शिवलो नाही आणि 'सामिष चाखलं नाही, सबब मत नाही' असं सरळ लिहून टाकलं.

राहिली दारू. तिच्यावरही 'मत नाही' लिहिलं असतं, तर मग गेलो कशाला होतो? साहेबाची कुरकुर तिच्याबद्दलच होती. आणि खरं सांगायचं तर मला कुतूहलही होतं.

तिथल्या खानसाम्याने लाल दारू पेल्यात ओतली आणि माझी शेंडी बघून हसला. "सूंघ के लिख दो, भिया. देखने वाला कौन है?"

मी एक घोट घेतला. धारला परतल्यावर आमच्या बाटलीतलाही एक घेतला, कारण एकीला न चाखता दुसरीला चांगलं म्हणणं लबाडीचं झालं असतं. आमची आंबली होती. बाटल्या चुलीशेजारच्या फळीवर ठेवत, दुसरं काय होणार? रिपोर्टात लिहिलं: 'देवासची तुरट, पण स्वच्छ. आपली आंबट. दोन्ही स्वतः चाखून.'

सरदारांनी वाचलं आणि बोट शेवटच्या तीन शब्दांवर ठेवलं. "एवढं खोडा."

त्यांचा डाव मला कळला. चाखलीच नाही म्हटलं की आंबट कशावरून? मी म्हणालो, "खोडणार नाही. काढायचं तर कामावरून काढा, तिरल्याला, गावी, मामांचं शेत आहे."

त्यांनी काढलं नाही, कारण माझ्यासारखं अक्षर त्यांना दुसरीकडे मिळालं नसतं. जातीच्या धाकाने तरी मी खोडीन म्हणून त्यांनी रिपोर्ट आमच्या उपाध्यायांकडे पाठवला. आठच दिवसांवर माझ्या मेव्हण्याच्या मुलाची मुंज होती आणि आमची सगळी जात त्या पंगतीला यायची होती.

उपाध्याय घरी आले. मी पंचगव्य घेतलं, उपास केला, सांगितलं ते सगळं निमूट केलं. दारू प्यायलो होतो, ते चुकलं होतं. मग ते म्हणाले, "आता ते तीन शब्द खोडा. ऐकीव लिहिलं म्हणा, म्हणजे बोभाटा मिटला."

"चाखल्याचं प्रायश्चित्त घेतलं," मी म्हणालो. "खरं लिहिल्याचं घेणार नाही."

"मग पंगतीत पान मिळायचं नाही."

"नको."

माझी बायको दाराआड उभी होती. तिच्या सख्ख्या भावाकडचं कार्य. ती आत निघून गेली.

मुंजीच्या दिवशी ओटीवर पंगत बसली. माझं पान मागच्या पडवीत, गोठ्याजवळ मांडलं होतं. तिथे बसलो तेव्हा रागाने माझे कान तापले होते. खोडले असते तीन शब्द, तर काय बिघडलं असतं, असं त्या एका क्षणी खरंच वाटलं.

बायको वरण वाढायला आली. वाढून झाल्यावर भांडं तिने खाली ठेवलं, आत गेली आणि स्वतःचं पान घेऊन बाहेर आली. बायका पुरुषांच्या मागून जेवत, नवऱ्याच्या शेजारी चारचौघांत तर कधीच नाही. ती माझ्या शेजारी बसली. ओटीवरच्या गप्पा थांबल्या. तिचा भाऊ दारापर्यंत आला आणि तसाच मागे फिरला.

तिने भात कालवला, मान खाली घालूनच मला विचारलं, "अहो, मग बरी कुठली होती?"

"देवासची," मी म्हणालो, ओटीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.