गाडीवर बाप्या पाहिजे

सूर्यभान पिऊन पडला की त्याला उसाच्या गाडीवर चढवायचं काम मायलेकींचं. लंका पाय धरायची, तिची माय केशरबाई खांदे. रचलेल्या मोळ्यांवर त्याला उताणं निजवायचं, कमरेवरून दोर घ्यायचा आणि करकचून गाठ मारायची.

हा खटाटोप कशासाठी, तर कारखान्याच्या फाटकावर गाडीबरोबर बाप्या लागायचा. बाप्या म्हणजे पुरुषमाणूस. तो शुद्धीत असावा, निदान त्याचे डोळे उघडे असावेत, अशी कुणाची अट नव्हती. बायकांनी ऊस तोडावा, मोळ्या बांधाव्यात, डोक्यावरून वाहून गाडी भरावी, त्याला कुणाची ना नव्हती. फक्त कासरा हातात घेतला की जगबुडी होणार होती. बरं, वजनकाट्यावर गाडी चढवताना वरचं माणूस खाली उतरवावंच लागे. म्हणजे फाटकापर्यंत वाहून न्यायचा, आणि दहा पावलांवर परत उतरवून भिंतीला टेकवून ठेवायचा. बैल लंकाच हाकायची. ते सगळ्यांना दिसत होतं आणि कुणालाच दिसत नव्हतं.

पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातली ही टोळी एकाहत्तरच्या हंगामात श्रीगोंद्याच्या बागायतीत उतरली होती. राहायला उसाच्या पाचटाच्या कोप्या, पहाटेपासून तोड. कोयता चालवायचा लंकानं. बाप बांधाआडून गावठी घेऊन यायचा तो झुलतच. पण टोळीत त्याच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस सापडलं नसतं. पिला नसला की देवमाणूस, म्हणायचे. असा देव लंकाच्या आठवणीत फारसा प्रकटला नव्हता. शेजारच्या कोपीतली राहीबाई तर रोज बजावायची, दोर नीट आवळ गं, पडंल बिचारा.

एके दिवशी तो खरंच पडला. पाटाच्या खड्ड्यात चाक गेलं, गाठ सुटली आणि तो घसरत खाली आला. शेजारून चालणाऱ्या केशरबाईनं त्याला अंगावर झेललं. त्याला खरचटलंसुद्धा नाही; तिचा खांदा मात्र निखळल्यासारखा लोंबला. मागच्या गाड्यांवरची माणसं धावत आली. सूर्यभानला बसवलं, पाणी पाजलं, लागलं का म्हणून विचारलं. केशरबाई हात पोटाशी धरून चिखलात बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. ती मात्र विचारत होती, ह्यांना लागलं न्हाई ना?

लंकाला त्या माणसांपेक्षा मायचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी केशरबाई लुगड्याच्या चिंधीत हात अडकवून एका हातानं वाढं, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत होती. गाडी भरली. सूर्यभान नेहमीसारखा कोपीच्या दाराशी आडवा झालेला. मायनं त्याच्याकडे बघितलं, मग लेकीकडे. लंकानं बैल जुंपले आणि ती निघाली.

फाटकावर वॉचमननं हात आडवा केला.

“बाप्या कुठंय?”

“कोपीत.”

“मग गाडी कुनी आनली?”

“बैल आपल्या मनानं आले व्हय?”

वॉचमनला हसू आलं, पण त्यानं हात काढला नाही. परत जा, बापाला घेऊन ये, म्हणाला. मागं गाड्यांची रांग लागली. एक भला गाडीवान उतरून आला, सरक पोरी, फाटकापुरता मी बसतो, म्हणाला. लंकानं नको म्हटलं. तेवढ्यात टोळीचा मुकादम भिमाजी पोचला. त्यानं आधी दटावलं, मग आवाज मऊ केला.

“लंके, कसाबी असला तरी बाप हाय. त्याला असं चारचौघांत उघडं पाडू न्हाई.”

“नाना, रोज मोळीवानी बांधून आनत हुते, तवा तुमाला झाकलेला दिसला का?”

भिमाजी टोपी सारखी करत राहिला. लंका जुवाजवळ उभी, कासरा मनगटाला वेढलेला. ना पुढं ना मागं. ऊस परत नेला तर उन्हात वाळून सगळी मेहनत मातीत. पण परत जायचं नाही, एवढं तिनं पाटाच्या चिखलातच ठरवलं होतं. शेवटी काट्यावरचा कारकून ओरडत बाहेर आला, गाळपाच्या गव्हाणीला ऊस नाही आणि तुम्ही इथं काय कीर्तन मांडलंय. वॉचमननं हात खाली घेतला. गाडी आत गेली. भिमाजी मागून म्हणाला, आज गेली तर गेली, उद्या त्याला आनायचं. लंकानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी गाडी भरून झाली तेव्हा सूर्यभान शुद्धीवर होता. चाकाशी येऊन त्यानं दोन्ही हात वर केले, कडेवर घ्या म्हणणाऱ्या पोरासारखे. काल आपल्याला मागं ठेवलं, लोक काय म्हणतील, असं पुटपुटत होता. लंकाला कणव आली, आणि त्या कणवेनं ती अधिकच पेटली.

“दादा, चालता येतंय तर चालत या. आमी उचलनार न्हाई.”

तो खालीच बसला. केशरबाई पुढं झाली, दुखरा खांदा सावरत. म्हणाली, तू जा, मी बघते त्यांच्याकडं.

“तू काई बघू नको,” लंका म्हणाली. “तू जाऊन खांदा शेक.”

माय थबकली. लंका गाडी हाकत निघाली. बांधाच्या वळणावर तिनं वळून पाहिलं, तर केशरबाई अजून तिथंच होती, नवरा आणि लेक, दोघांच्या मधे उभी.