नीलाताईंचा फाटका अ‍ॅम्प्लिफायर

पाच किलो मटारांतले जेमतेम अर्धे सोलून झाले होते, तोच नीलाताई परात बाजूला सारून उठल्या. खालच्या मजल्यावरचा अंशुमन नोएडा सोडून पुण्याला चालला होता आणि त्याचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर दुपारी भंगारात जाणार होता.

"काकू, हा नका घेऊ," अंशुमन म्हणाला. "बिल्कुल मेलाय. चालू केला की नुसता घरघरतो."

नीलाताईंनी त्याला मागची फळी काढायला लावली. स्पीकरचा काळा कागद उभा फाटला होता. त्यांनी आत नाक घालून हुंगलं. जळका वास नव्हता.

"मेला कुठे? घसा गेलाय, माझ्यासारखा. याला माइक लागतो?"

"लागतो. पण आवाज जरा जाडाभरडा येईल."

"येऊ दे."

दोन वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून नीलाताईंचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. सोसायटीचं भजनी मंडळ त्यांनीच सुरू केलेलं. सोळा वर्षं अभंगाची पहिली ओळ त्यांचीच. आणि परवा मयुरा, त्यांनीच शिकवलेली, गोड हसून म्हणाली होती, "ताई, या एकादशीला तुम्ही आरामात टाळ धरा. ओळ मी उचलते."

घरी बेत ऐकून यजमानांनी, पद्माकररावांनी, चष्म्यावरून पाहिलं. "गिटारचं खोकं, तेही मोडकं, विठोबापुढे? अगं, गेला आवाज तर गेला. टाळ काय वाईट आहे?"

"वाईट नाही. माझा नाही."

"मग कौल लाव की. तुझ्या माहेरची रीत ना?"

चेष्टाच होती, पण नीलाताई खरंच देवापुढे बसल्या. दोन फुलं पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. फूल बोटांत धरलं आणि हात थांबला. डावं पडलं तर आपण ऐकणार आहोत का? छे! मग त्याला विचारायचं तरी कशाला? मन दोन्हीकडे ओढत असेल तेव्हाच कौल लावावा, असं आई सांगायची. त्यांनी दोन्ही फुलं पायांवर वाहिली आणि उठल्या.

"काय म्हणाला देव?" पद्माकररावांनी विचारलं.

"विचारलंच नाही. माझं ठरलंय, आणि त्याला ते ठाऊक आहे."

"आणि दुरुस्त नाहीच झाला तर?"

"तर त्याच्यावर बसून गाईन! पण ओळ मीच उचलणार. मयुराला सांगा हवं तर."

त्या पुन्हा खाली गेल्या. अंशुमन फुकटच देत होता. त्यांनी बळेबळे त्याच्या हातावर पाचशेची नोट ठेवली. फुकटचं असतं तर उद्या कुणीही म्हणालं असतं, ताईंनी भंगार उचललं. मग त्याच्याकडून स्पीकर सोडवून घेतला, जुन्या सुती साडीत गुंडाळून पिशवीत घातला आणि चपला पायांत सरकवल्या. करोल बागेत जाऊन स्पीकरला नवा कागद बसवून आणायचा होता.