खुर्चीवरचा शालू

आमच्या घरात एक हातांची खुर्ची आहे. नवीन माणूस आले की कोणी ना कोणी तिची गोष्ट त्याला सांगते. जव्हारला संस्थान होते तेव्हा दरबारच्या लिलावातून मी ती मोडकी घेतली, स्वतः नीट केली, आणि माझ्या विधवा वहिनींनी घराच्या मानासाठी आपला लग्नातला शालू तिच्यावर चढवायला काढून दिला, अशी ती गोष्ट. माझी मुले ती ऐकत मोठी झाली. आता नातवंडे सांगतात.

शालू वहिनींनी दिला नव्हता. त्या घरात नसताना मी तो त्यांच्या ट्रंकेतून काढला आणि कापला.

थोरला भाऊ तापाने गेला तेव्हा मी संस्थानच्या कचेरीत कारकून होतो. वहिनी चार वर्षांच्या लेकीला घेऊन माझ्याकडे राहायला आल्या. पगार बेताचा, आणि मला मात्र चांगले दिसण्याची हौस होती. ती भागवण्याचा मार्ग म्हणजे लिलाव. दसऱ्याआधी दरबारच्या बंगल्यातले जुने सामान आवारात काढून ठेवत. पडदे, दिव्यांच्या काचा, पाय मोडलेली टेबले. कोणी अधिकारी बदलून गेला किंवा वारला तर त्याचे कपडेही कधी त्यात येत. लोक ताटेवाट्या, पितळी दिवे असे उपयोगाचे उचलत. मी कोटांच्या ढिगापाशी उभा राहायचो.

माझा पहिला चांगला कोट एका मेलेल्या शिरस्तेदाराचा होता. काळ्या अल्पाका लोकरीचा, पण पाठीवर आणि कोपरांवर इतका विटलेला की वरून हिरवट दिसे. वहिनींनी तो हातात घेतला, आतली बाजू उलटून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "आतून कोरा आहे. उलटवू या."

त्यांनी सगळी शिवण उसवली आणि आतले कापड बाहेर घेऊन कोट पुन्हा जोडला. असे केले की डावे उजवे होते. छातीवरचा खिसा उजवीकडे जातो, काजे नको त्या बाजूला येतात. जाणकार माणूस तेवढ्यावरून उलटवलेला कोट ओळखतो. वहिनींनी शिवणीच्या आतून दोरे काढले आणि त्याच दोऱ्यांनी खिशाची आणि काजांची चीर अशी भरली की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. कचेरीत मला विचारत, कापड नाशिकचे का? मी हो म्हणत असे.

वहिनी स्वतः दोन साध्या लुगड्यांवर राहत. त्यांच्या ट्रंकेत त्यांच्या लग्नातला शालू होता. डाळिंबी रंगाचा, पदरावर दाट जरीकाम. दर दसऱ्यानंतर त्या तो उन्हात न ठेवता सावलीत पसरत, घडी बदलत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पुन्हा पांढऱ्या फडक्यात बांधत. पुतणी जवळ बसलेली असे. तिला हात लावायला मिळे तो फक्त काठाला.

"हा माझा ना?"

"तुझाच. आधी उंच हो, नाहीतर शालू चालेल आणि तू मागून फरफटशील."

हे मी दर वर्षी ऐकले होते. मला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही.

कचेरीत हेड कारकुनाची जागा रिकामी झाली त्या वर्षी पुतणी दहा वर्षांची होती. माझ्यावरचे साहेब बाहेरून आलेले, पाटलोण घालणारे. एके दिवशी ते सहज म्हणाले, "रविवारी फिरत तुमच्याकडे येतो चहाला. मला खाली मांडी घालून बसवू नका म्हणजे झालं." आमच्याकडे बसायला घोंगडी होती आणि एक पाट होता. लिलावात घेतलेली ती खुर्ची मागच्या पडवीत पडून होती. तिचा एक पाय नव्हता, बैठकीत उंदरांनी घर केले होते आणि हातांवर कोणीतरी निळा रंग फासला होता.

मोखाड्याकडच्या पाड्यावरचा एक सुतार बाजाराला येत असे. त्याला बोलावले. त्याने खुर्ची उलटी केली, अंगठ्याचे नख लाकडात रोवून पाहिले.

"लाकूड जित्तं हाये, भाऊ. वाळवीनं नुसतं चाखलंय, गिळलं नाय."

"रविवारपर्यंत होईल?"

"पाय व्हईल. बाकी तुमी घासा. कारकुनाच्या हाताला घट्टं नकोत का?"

त्याने सागाचा पाय कोरून सरसाने बसवला. निळा रंग मी खरवडला. खाली शिसवी लाकूड निघाले तेव्हा मला फार आनंद झाला, तो अजून आठवतो. काचकागदाने घासून लाखेचे तीन हात दिले. बैठकीत काथ्या आणि त्यावर सावरीचा कापूस भरला. शुक्रवारी सुतार पाहायला आला, खुर्चीभोवती फिरला आणि हसला.

"नवरी नटली. आता लुगडं नेसवा."

तो त्याच्या वाटेने गेला. त्याच्या बोलण्यात काही नव्हते. मी बाजारात गेलो. जाडेभरडे मांजरपाट होते आणि विधवा नेसतात ते लाल आलवण होते. गादीला शोभेल असे कापड नाशिकहून मागवावे लागले असते, आणि मध्ये एकच दिवस होता.

वहिनी लेकीला घेऊन साखरशेतला ओळखीच्या घरी बाळंतिणीच्या मदतीला गेल्या होत्या. माझी पत्नी माहेरी होती. शनिवारी सकाळी मी ट्रंक उघडली. तिला कुलूप नव्हते. घरात मी एकटा पुरुष, माझ्यापासून कुलूप कशाला? मी स्वतःला सांगितले की वहिनी आता शालू नेसणार नाहीत. विधवेच्या ट्रंकेतले रेशीम म्हणजे लिलावातल्या कोटासारखेच, ज्याला घालणारे माणूस उरले नाही असे कापड. मुलीच्या लग्नाला अजून अवकाश होता आणि तोवर मी हेड कारकून होऊन नवा शालू घेणार होतो. हा सगळा विचार करायला मला फार वेळ लागला नाही.

पदरावर नक्षी दाट होती म्हणून पाठीसाठी मी पदर कापला. बैठकीसाठी त्याच्यालगतचा भाग घेतला. उरलेला शालू तसाच घडी घालून, पाला घालून, फडक्यात बांधून परत ठेवला.

दुपारी वहिनी आल्या. खुर्ची पुढच्या खोलीत होती. पुतणी दारातच थबकली आणि तिने आईकडे पाहिले. वहिनींनी हातातले गाठोडे खाली ठेवले. जवळ येऊन त्यांनी बैठकीच्या कडेवरून बोट फिरवले.

"भाऊजी, कात्री कुठली घेतलीत?"

"तुमचीच."

"ती बोथट झालीय. धार लावायला द्यायची होती."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्या म्हणाल्या, "कडा नुसत्या ठोकल्यात. साहेब बसून उठले की जरीकाम उसवेल." त्यांनी सुईदोरा घेतला, मला बारीक खिळे काढायला लावले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कडा दुमडून टीप घातली. मी खिळे देत राहिलो.

साहेब आले. खुर्चीत बसले, हातांवर तळवे फिरवले.

"कापड कुठलं हो?"

वहिनी आतल्या दाराशी पोह्यांची बशी घेऊन उभ्या होत्या, पुतणी त्यांच्या मागे. मी म्हणालो, "आमच्या वहिनींनी आपला लग्नातला शालू काढून दिला. म्हणाल्या, घरी मोठं माणूस येणार, वस्तू पडून राहण्यापेक्षा कामाला येऊ दे."

साहेबांनी दाराकडे पाहून हात जोडले. "अशी माणसं घरात असावी लागतात," ते म्हणाले. वहिनींनी बशी माझ्या हातात दिली आणि त्या आत गेल्या.

जागा मला मिळाली. ती खुर्चीमुळे मिळाली असे मला वाटत नाही. माझा नंबर होताच. पण साहेबांनी ही गोष्ट कचेरीत सांगितली, लोक मला विचारू लागले, आणि प्रत्येक वेळी मी ती थोडी अधिक चांगली सांगितली. पुढे वहिनींच्या तोंडी मी आणखीही वाक्ये घातली.

पुतणीने आईला विचारले ते मी पडवीतून ऐकले.

"माझा होता ना तो? मग काकांना का दिलास?"

मला वाटले, आता वहिनी सांगतील. त्या तांदूळ निवडत होत्या.

"साखरशेतला जाण्याआधीच दिला," त्या म्हणाल्या. "वस्तू पडून राहण्यापेक्षा कामाला आली."

माझेच शब्द होते. त्या का खोटे बोलल्या हे समजायला फार बुद्धी लागत नाही. दोघी माझ्या घरात राहत होत्या, माझे अन्न खात होत्या. काकाने चोरी केली हे मुलीला सांगून तिला त्याच काकाच्या पंगतीला बसवणे त्यांना जमले नसते. पण दहा वर्षांच्या मुलीला त्यातून एवढेच कळले, की आईला आपल्यापेक्षा काकाची खुर्ची मोठी वाटली.

सहा वर्षांनी तिचे लग्न मोखाड्याच्या एका शाळामास्तराशी ठरले. नवा शालू मी घेतला नाही. तोवर माझी तीन मुले झाली होती आणि हात आखडलेला होता. एका बोहारणीकडून जुना शालू मिळाला, मध्यभागी कुणाच्या तरी हळदीचा डाग असलेला. वहिनींनी डाग निऱ्यांत जाईल अशी व्यवस्था केली. सासरी गेल्यावर पुतणी माहेरी फारशी आली नाही. आली की आईशी परक्या बाईशी बोलावे तसे बोलायची. वहिनी उशिरापर्यंत जगल्या, त्या माझ्याकडेच. त्या गेल्यावर तेराव्याला पुतणी पुढच्या खोलीत आली, खुर्चीकडे पाहून म्हणाली, "आईची लाडकी लेक ही."

तेव्हा आम्ही दोघेच होतो. मला सांगता आले असते. मी तिला चहा घेतेस का असे विचारले.

गेल्या वर्षी नातवाने खुर्चीला रेक्झिन लावायचे काढले. जुने कापड उतरवून तो फेकणार होता, ते मी मागून घेतले. वरचा रंग उडून मातकट झाला होता. पण खिळ्यांखाली दुमडलेल्या कडा अजून डाळिंबी होत्या, आणि वहिनींची टीप एका ठिकाणीही उसवली नव्हती. मी कापड घडी करून पिशवीत घातले आणि दुसऱ्या दिवशी मोखाड्याची एस.टी. धरली.

पुतणी आता साठी ओलांडलेली आहे. अंगणात नाचणी पाखडत होती.

"काका, तुम्ही? एकटे? कोणी गेलं का?"

"कोणी नाही. बस. तुला एक सांगायचं आहे."

मी सांगितले. वर लिहिले आहे तेवढेच, याच क्रमाने. ती सूप मांडीवर धरून ऐकत होती. मध्ये एकदाच तिने विचारले, "कुलूप नव्हतं?" मी नाही म्हणालो.

सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "तेराव्याला मी बोलले, तेव्हा तुम्ही समोर होता."

"होतो."

"मला चहा विचारलात."

"हो."

ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक चोळी होती, घडीवर कडक झालेली. उरलेल्या शालूची. वहिनींनी लग्नाच्या आठवड्यात ती शिवून तिच्या हातात दिली होती, हे मला माहीत नव्हते.

"मी म्हटलं, खुर्चीतून उरलेलं मला नको. आणि दुसरी घातली," ती म्हणाली. "आई काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, असू दे, पेटीत ठेव."

तिने माझी पिशवी ओढून घेतली, खुर्चीचे कापड काढून ओट्यावर पसरले आणि चोळी त्याच्या दुमडलेल्या कडेला लावून पाहिली. रंग एकच होता. ती रडली नाही, निदान माझ्यासमोर नाही. मी माफी मागितली तेव्हा तिने मान हलवली, पण ती कशासाठी हे मला कळले नाही, आणि मी विचारले नाही.

निघताना ती म्हणाली, "तुमच्या घरी अजून सांगतात का ती गोष्ट?"

"सांगतात."

"मग लिहून द्या. तुमची पोरं तुमचं तोंडी ऐकणार नाहीत. म्हणतील, म्हाताऱ्याला भ्रम झाला."

ती खरे बोलत होती. घरी मी एकदा सांगून पाहिले होते. थोरली सून म्हणाली, "असं कसं? त्यांनी स्वतः टीप घातलीय की."

म्हणून हे लिहिले. मुलांना देण्याआधी पुन्हा मोखाड्याला जाऊन मी तिला वाचून दाखवले आणि विचारले, हे देऊ का? तिने दोन ठिकाणी खोडायला सांगितले. तिथे मी तिच्या मनात काय आले असेल ते लिहिले होते. ते खोडले आहे. खुर्चीचे कापड तिच्याकडे आहे. ते मी परत मागितलेले नाही, घरातल्या कोणीही मागू नये.