मागचे नाल

होटगीच्या वाटेवरचा तो नालबंद माणसाशी कमी बोलायचा. मालकाला काही सुनवायचं असलं तरी ते घोड्यालाच सांगायचा, तेही दातांत खिळे धरून.

माझी घोडी मागल्या खेपेला अडली होती. शिंगरू मेलेलंच निघालं, वार दोन दिवस पडली नाही, घोडी कशीबशी वाचली. तिच्या दुखण्यात मीही पार थकलो. तरी तिच्या वाणाचं एक शिंगरू मला हवंच होतं. फळवण्यासाठी घोडा दाखवायच्या आधी घोडीचे मागचे नाल काढतात, लाथ बसून घोड्याला इजा होऊ नये म्हणून. मी तिला घेऊन गेलो आणि म्हणालो, "मागचे काढ."

त्यानं तिच्या खपाटीला गेलेल्या पोटावरून हात फिरवला. "बाई, मालकाला शिंगरू पायजे की. तू न्हाय राहिलीस तरी चालतंय त्याला."

"घोडी माजी हाय. मला अक्कल शिकवू नगंस."

त्यानं तिचा मागचा पाय मांडीवर घेतला. जुना नाल उपसला आणि त्या जागी नवा, चांगला जाड नाल ठोकून बसवला.

मी त्याला शिवी हासडली. पण दुसरा पाय त्याच्यापुढं मीच उचलून धरला.