बंबातली हिरवी ज्वाळा

दोन हजार सालाच्या पुढेमागे मी अडीच वर्षं कोळसा करत होते. म्हणायला पीएच.डी., पण काम कोळशाचं. सुपरकपॅसिटर बॅटरीसारखीच वीज साठवतो, फक्त चटकन भरतो आणि चटकन देतो. त्याच्या पोटात बारीक छिद्रांचा कोळसा लागतो. सगळे तो नारळाच्या करवंटीपासून करत. मला नाशिकचं काहीतरी हवं होतं, म्हणून मी द्राक्षाच्या काड्या घेतल्या. छाटणीनंतर त्या बांधावर जाळूनच टाकतात.

काड्या मामाच्या बागेतल्या, पिंपळगावजवळच्या. भाचीच्या शिक्षणाला आपली बाग कामी येते याचं त्याला एवढं कौतुक, की मोटरसायकलला दोन मोळ्या बांधून तो स्वतः सातपूरला आमच्याकडे आणून टाकायचा. चहा घेताना विचारायचा, यावर दिवा कधी लागणार?

वीज किती साठते याचे पहिलेच आकडे असे आले की माझे मार्गदर्शक सर खुर्चीतून उठले. प्रबंधाचं मुख्य प्रकरण त्यावरच लिहून झालं. मी पेढे घेऊन घरी आले. बाबा कपॅसिटरच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. कारखाना बंद पडल्यापासून घरीच. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "भरलं किती ते नको सांगूस. सकाळी उरलं किती?"

नोकरीभर त्यांनी हेच केलं होतं, कपॅसिटर आज भरून ठेवायचा आणि उद्या मोजायचा. मला रागच आला. आमचाच पेढा खाऊन खुसपट काढायचं. तरी दुसऱ्या दिवशी माझ्या कोळशाचा सेल भरून ठेवला. सकाळी त्यात काहीही उरलं नव्हतं. मीटर बिघडलाय, असं मी ठरवून टाकलं.

उरलेल्या काड्या बाबा आंघोळीच्या पत्र्याच्या बंबात घालायचे. त्याच रविवारी त्यांनी मला मागच्या अंगणात हाक मारली. बंबातली ज्वाळा हिरवी होती. जळणात तांबं असलं की ज्वाळा हिरवी होते हे मी पोरांना प्रॅक्टिकलला शिकवत होते. मी पाणी बादलीत काढलं आणि आंघोळ केली.

मग पिंपळगावला गेले. छाटलेल्या काड्यांना काही लावतोस का, असं मामाला विचारलं. त्याचा चेहरा खुलला. "तुझ्या मोळ्या येगळ्या काढतो ना मी. बुरशी धरू नाय म्हनून मोरचूद-चुन्यात बुडवून ठेवतो. लय निगा राखतो, बाई."

छाटणीनंतर वेलीवर मोरचूद सगळेच मारतात. जळणाच्या काड्यांवर ते कुणी वाया घालवत नाही. त्याने माझ्यासाठी घातलं होतं. मोरचुदात तांबं असतं, आणि कोळसा मी नुसत्या पाण्याने धुतला होता. सरांना उठवणारे आकडे त्या तांब्याचे होते, आणि रात्रीत वीज गळून गेली तीही त्याच्यामुळेच.

मला रडू आलं नाही. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही. मामीने वाढलं ते जेवले. सरांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, प्रकरण राहू दे, तपासणारे काही बंब पेटवून बघणार नाहीत. मी प्रकरण काढून टाकलं. हट्ट म्हणा. एका सोडून दिलेल्या, बिनफवारणीच्या बागेतून काड्या आणून पहिल्यापासून सुरुवात केली, त्यात आणखी वर्ष गेलं. या कोळशाची ताकद आधीच्या निम्मीही नव्हती. भरून ठेवला, सकाळी बाबांनी स्वतः मीटर लावला, आणि म्हणाले, "बरंच उरलंय." मला तेव्हाही काही वाटलं नाही.

पुढच्या छाटणीनंतर मामा आला, निळसर डागांच्या दोन मोळ्या घेऊन.

"लागला का दिवा?"

"लागला."

"माझ्या काड्यांवर?"

"तुझ्याच, मामा."

तो हसला आणि धुळीने अंग माखलंय, आंघोळ करतो म्हणाला. बाबा उठले. बंब भरलेला होता, शेजारी मोळ्या पडल्या होत्या. बाबांनी मोळ्यांना हात न लावता स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं घेतलं आणि मामाचं पाणी गॅसवर ठेवलं. ते तापेपर्यंत ओट्याशी उभे राहिले. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तिथे मला रडू आलं.